दारू सुटल्यावर लागलेली कंबरदुखीची गोळी : एक प्रकरण अभ्यास

रुग्ण आणि त्यांच्या पत्नी, दोघांच्या संमतीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं, घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत. मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ आहे. रुग्णाला इथे बापू म्हणू.

पार्श्वभूमी

बापू सेहेचाळीस वर्षांचे, बसगाड्यांच्या आगारात फिटर. राहायला लालबागच्या चाळीत. वडील गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा बापू अगदी लहान होते. वडिलांची गिरणी परत सुरू झाली नाही. आधी शनिवारी पिणारे वडील रोज प्यायला लागले आणि बावन्नाव्या वर्षी यकृताच्या आजाराने गेले. धाकटा भाऊही पितो. ज्यांच्या घरात असं व्यसन असतं, त्यांच्यातल्या अनेकांच्या मेंदूत दारूने एंडॉर्फिन या सुखद द्रव्याची उसळी जास्त येते असं काही अभ्यासांत दिसलं आहे. बापू स्वतःच म्हणाले होते, "पहिल्या घोटालाच वाटलं, हेच हवं होतं आपल्याला."

गेली सहा वर्षं रोजचं पिणं. सकाळी हात थरथरू नयेत म्हणून नव्वद मिली दारू आणि संध्याकाळी दोन क्वार्टर. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्के अल्कोहोल धरलं, तर साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे बापूंच्या पोटात रोज १५० ग्रॅम जात होतं. गिअरबॉक्स उतरवताना कमरेत भरलेली चमक हे दुसरं जुनं दुखणं. त्याकडे आम्ही पुरेसं लक्ष दिलं नाही.

अडचण

जुलैमध्ये बापू आमच्याकडे आले ते दारूसाठी नव्हे. रक्तदाब १६४/१०२ निघाला म्हणून ते आधी मेडिसिनच्या ओपीडीत गेले होते. तिथल्या डॉक्टरांना चेहरा गोल आणि लालसर दिसला, पोट सुटलेलं पण हातपाय बारीक झालेले, दंडावर किरकोळ धक्क्यानेही उमटलेले काळेनिळे डाग. कुशिंगचा आजार असेल, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन अति बनत असेल, अशी शंका त्यांना आली. रात्री एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, म्हणजे कॉर्टिसोल दाबणारं स्टेरॉइड, देऊन सकाळी कॉर्टिसोल तपासलं. निरोगी माणसात ते १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरतं, बापूंचं ६.४ होतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ आहे का, हा प्रश्न लिहून आला. सोबत पिण्याचा इतिहास होता म्हणून एक चिठ्ठी आमच्या विभागालाही.

बापूंच्या पत्नी त्या दिवशी जे बोलल्या ते मी विसरलेले नाही. "डोक्यात गाठ निघाली तर बरं होईल मॅडम. निदान हे सगळं दारूने झालं असं कुणी म्हणणार नाही."

पहिला निर्णय : एमआरआय की चार आठवडे थांबणं

घरच्यांना एमआरआय लगेच हवा होता. सरकारी यादीत नंबर लांबचा, म्हणून दागिना गहाण ठेवून बाहेर करण्याची त्यांची तयारी होती. दुसरा पर्याय होता दारू पूर्ण थांबवून चार आठवड्यांनी तीच रक्ततपासणी पुन्हा करण्याचा.

रोज भरपूर पिणाऱ्या काही माणसांचं शरीर हुबेहूब कुशिंगसारखं दिसतं. वैद्यकात त्याला स्यूडो-कुशिंग म्हणतात. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएफ नावाचा संदेश पाठवतो, पिट्युटरी त्यावर एसीटीएच सोडते आणि मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल बनवतात. दारू ही साखळी सतत खेचत राहते. शिवाय यकृत थकलेलं असतं, त्यामुळे कॉर्टिसोलचा निचराही नीट होत नाही. दारू थांबली की बहुतेकांत काही आठवड्यांत हे आपोआप ओसरतं.

एमआरआय लगेच करण्यात धोका कोणता? साधारण दहा टक्के निरोगी प्रौढांच्या पिट्युटरीत काही त्रास न देणारी बारीकशी गाठ योगायोगाने सापडते. बापूंच्यात ती सापडली असती तर सगळं घर त्या गाठीमागे धावलं असतं आणि दारू बाजूला पडली असती. एंडोक्रिनॉलॉजीच्या, म्हणजे हार्मोन विभागाच्या, सहकाऱ्यांशी बोललो. नजर अंधुक होणं, असह्य डोकेदुखी, पोटॅशियम उतरणं असं काही नव्हतं. थांबायचं ठरलं. घरच्यांना हे पटवायला तीन भेटी लागल्या, आणि तो वेळ सार्थकी लागला.

यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे आकडे चांगले नव्हते. जीजीटी ४१२, एएसटी १३८, एएलटी ६१. बापूंना वॉर्डात सात दिवस ठेवलं. दारू सुटतानाचा त्रास आवरायला, यकृताचा विचार करून, लोराझेपाम दिलं, आणि ग्लुकोजच्या आधी थायामिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं. दुसऱ्या रात्री त्यांना कपाटावर उंदीर दिसले. फिट आली नाही. आठव्या दिवशी घरी गेले.

चौथ्या आठवड्यात डेक्सामेथासोननंतरचं कॉर्टिसोल १.१ आलं. रक्तदाब १३६/८६. चेहऱ्यावरची सूज उतरली होती. गाठीचा विषय संपला. आम्ही सगळेच इतके खूश झालो की समोर बसलेला माणूस खूश नाही, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

"गणपतीतसुद्धा काही वाटलं नाही"

सहाव्या आठवड्यात गणपती आले. लालबागमध्ये त्या दहा दिवसांत रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. बापू लहानपणापासून मंडळाचे कार्यकर्ते. विसर्जनानंतर ते आले आणि शांतपणे म्हणाले, "प्यायलो नाही मॅडम. पण ढोल वाजत होते, आणि मला काही वाटलंच नाही. मोदक खाल्ला, त्याची चव लागली नाही. पोरगा पाया पडला तरी आतून काही हललं नाही. याच्यासाठी सोडली का मी?"

या प्रश्नाचं उत्तर पहिल्या आठवड्यातच द्यायला हवं होतं. तेव्हा उशिरा का होईना, जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर मांडते.

आपला मेंदू अफूसारखं काम करणारी द्रव्यं स्वतःच बनवतो. अफूजन्य औषधं मेंदूत जिथे जाऊन बसतात ते रिसेप्टर १९७३ मध्ये सापडले. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीन इथे ह्यूज आणि कॉस्टर्लिट्झ यांनी मेंदूची स्वतःची अशी द्रव्यं, एनकेफॅलिन, शोधून काढली. बीटा एंडॉर्फिन हे त्याच कुळातलं. जेवणातली चव, पाठीवर फिरलेला हात, वाद्यांच्या गजरात अंगावर येणारा काटा, या सगळ्यांत त्याचा वाटा असतो. दारू हेच द्रव्य ओतायला लावते. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी माणसांच्या मेंदूचे पेट स्कॅन करून दाखवलं की दारू प्यायल्यावर मेंदूच्या सुखाशी संबंधित भागांत एंडॉर्फिन सुटतात.

हार्मोन आणि एंडॉर्फिन हे दोन वेगळे विषय नव्हेत. ताणाचा संदेश देणारं एसीटीएच आणि दुखणं शमवणारं बीटा एंडॉर्फिन, दोन्ही एकाच मोठ्या प्रथिनाचे तुकडे आहेत. त्याचं नाव प्रो-ओपिओमेलॅनोकॉर्टिन. ताण आणि त्यावरचा उतारा शरीर एकाच थानातून कापतं. वर्षानुवर्षं दारूने ही यंत्रणा पिळली की ताणाची बाजू चढलेली राहते आणि उताऱ्याची बाजू आटते. त्यात डायनॉर्फिन नावाचं तिसरं द्रव्य वाढतं. तेही शरीराचंच, त्याच कुळातलं, पण कापा रिसेप्टरवर बसून उदासी आणि बेचैनी आणणारं. दारू थांबली म्हणून हे सगळं त्या दिवशी पूर्ववत होत नाही. कॉर्टिसोलचा आकडा महिन्यात उतरला, पण मेंदूतला सीआरएफ आणि डायनॉर्फिनचा जोर त्याहून बराच काळ टिकू शकतो. तो मोजायला आमच्या प्रयोगशाळेत कोणतीही चाचणी नाही. रिपोर्ट नॉर्मल आला आणि माणूस नॉर्मल झाला नाही, याचा अर्थ असा होता.

बापूंना मी पाण्याचं उदाहरण दिलं. चाळीत वर्षानुवर्षं टँकर येत राहिला, तर नळाच्या लाइनकडे कुणी बघत नाही, ती गंजते. टँकर बंद केल्या दिवशी नळाला धार लागत नाही. लाइन दुरुस्त व्हायला महिने लागतात, आणि तेवढे दिवस घरात कोरडं राहतं. बापू म्हणाले, "लाइन मेली नाहीये ना?" नाही, मेली नाहीये, असं मी खात्रीने सांगू शकले. बहुतेकांत ती हळूहळू सुधारते.

एक गोष्ट त्यांनी मला सांगितली नाही, आमच्या समाजसेवकांना सांगितली. दोन वर्षं पतिपत्नी म्हणून काही संबंध उरला नव्हता, छाती बायकांसारखी वाढल्यासारखी वाटायची, आणि या शरमेपोटी ते उशिरा, पिऊनच घरी जायचे. दारूने वृषणांचं काम मंदावतं, मेंदूकडून येणारे संदेशही दबतात, टेस्टोस्टेरॉन घटतं आणि यकृताच्या आजारात स्त्री-हार्मोनचं पारडं जड होतं. तपासलं, टेस्टोस्टेरॉन कमीच होतं. याला वैद्यकीय कारण आहे, हे कळल्यावर नवरा-बायको पहिल्यांदा एकमेकांकडे बघून बोलले, असं समाजसेवकांनी सांगितलं.

दुसरा निर्णय : कोणतं औषध

बापूंच्या पत्नींना डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध हवं होतं, तेही गुपचूप. "वरणात मिसळते, त्यांना कळणार नाही." शेजारच्या इमारतीत कुणीतरी तसं केलं होतं. मी स्पष्ट नाही म्हणाले. डायसल्फिराम दारूचं विघटन अर्ध्यावर अडवतं. त्यावर प्यायलं की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर बेतू शकतं. माणसाला ठाऊक नसताना ते देणं हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. शिवाय ज्या दिवशी त्याला कळेल, त्या दिवसापासून तो घरातलं पाणीही संशयाने पिईल.

उघडपणे, समोर बसवून दिलेलं डायसल्फिराम मात्र मी नाकारत नाही. २००४ मध्ये मुंबईतच झालेल्या, शंभर पुरुषांच्या वर्षभराच्या अभ्यासात घरच्यांच्या देखरेखीखाली दिलेलं डायसल्फिराम नालट्रेक्सोन या दुसऱ्या औषधापेक्षा जास्त जणांना दारूपासून दूर ठेवू शकलं होतं. पण त्याच अभ्यासात ओढ मात्र नालट्रेक्सोनने जास्त कमी झाली. बापूंच्या यकृताला डायसल्फिराम पेलेल अशी खात्री नव्हती, आणि त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं, "भीती दाखवणारं नको. भीती घरी पुष्कळ आहे."

अॅकॅम्प्रोसेट हे ओढीवरचं तिसरं औषध यकृतावर भार टाकत नाही, पण दिवसाला सहा गोळ्या, आमच्या औषधालयात नाही, बाहेरून विकत घ्यायच्या. नालट्रेक्सोनची रोज एकच ५० मिलिग्रॅमची गोळी. ती अफूच्या म्यू रिसेप्टरवर जाऊन बसते आणि तिथे एंडॉर्फिनला जागा देत नाही. मग प्यायलं तरी आतली शाबासकी मिळत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये तिला दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळाली. यकृताचे आकडे सुधारेपर्यंत थांबू असं मी ठरवलं होतं. सातव्या आठवड्यात एएसटी ५८ वर आलं होतं. बापू तयार होते. अफू, गर्द, ब्राऊन शुगर असं काही घेता का, हे मी विचारलं. ते जवळजवळ दुखावले. "नाही हो मॅडम, असलं कधी नाही." लघवीची अफूची पट्टी निगेटिव्ह आली. गोळी सुरू केली.

जे बिघडलं

पहिली गोळी घेतल्यावर तासाभरात बापूंना जांभयांवर जांभया यायला लागल्या. मग डोळ्यांना, नाकाला पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. जीव घाबरा झाला. त्यांच्या पत्नी टॅक्सीने त्यांना अपघात विभागात घेऊन आल्या. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घरातली सगळी औषधं होती. त्यात ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल या वेदनाशामकांच्या एकत्रित गोळीची तीन पाकिटं निघाली.

तिसऱ्या आठवड्यापासून ते ही गोळी घेत होते. कंबर दुखते म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी पाच दिवसांची लिहून दिली होती. पुढे मेडिकलवाल्याने जुन्याच चिठ्ठीवर दिली. दिवसाला दोनाच्या आठ झाल्या होत्या. "कंबरेला बरं वाटायचं, पण खरं सांगू का, घेतली की मन जागेवर यायचं."

ट्रॅमाडॉल अफूच्याच रिसेप्टरवर काम करतं. २०१८ पासून ते भारतात अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. नालट्रेक्सोनने ते रिसेप्टरवरून एका झटक्यात हुसकावलं आणि अनेक दिवसांत सावकाश यायचा तो सगळा त्रास एका तासात अंगावर आला. फिट येण्याचीही भीती होती, कारण ट्रॅमाडॉल ती शक्यता वाढवतं. आठ गोळ्यांमधून रोज अडीच ग्रॅमहून जास्त पॅरासिटामॉल त्या यकृतात जात होतं, हे वेगळंच. आणि आम्ही ज्या पट्टीवर विसंबलो, ती मॉर्फिनच्या जातीची द्रव्यं ओळखते. ट्रॅमाडॉल तिला दिसत नाही. त्यासाठी वेगळी पट्टी लागते. हे मला माहीत होतं. त्या दिवशी ते आठवलं नाही.

सलाइन, असा त्रास शमवणारं क्लोनिडिन, उलटी-जुलाबाची औषधं, दोन दिवस वॉर्ड. नालट्रेक्सोनचा असर दोन-तीन दिवस राहतो, तोवर धीर देण्यावाचून फारसं काही करता येत नाही. बापूंच्या पत्नी मला म्हणाल्या, "तुम्ही विष दिलंत." मी माफी मागितली आणि काय घडलं ते चित्र काढून समजावलं. त्या ऐकत होत्या, पण त्या दिवशी त्यांचा विश्वास परत मिळाला असं मी म्हणणार नाही.

पुढे काय केलं

ट्रॅमाडॉल पूर्ण बंद. कंबरेसाठी फिजिओथेरपी, आणि आगारात हलकं काम मिळावं म्हणून पत्र. रोज संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे पूर्वीच्या बारच्या वेळेत, चालणं आणि त्यानंतर अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मराठी बैठक. पत्नींसाठी समाजसेवकांसोबत वेगळ्या भेटी. बापू पंधरा दिवस कोणतीही गोळी घ्यायला तयार नव्हते, आम्ही जबरदस्ती केली नाही. नंतर त्यांनीच विचारलं. या वेळी ट्रॅमाडॉलची वेगळी तपासणी केली, वॉर्डात बसवून नालट्रेक्सोनची अर्धी गोळी दिली, चार तास थांबवलं. मळमळीपलीकडे काही झालं नाही. चार दिवसांनी पूर्ण गोळी.

दिवाळीत भावाबरोबर त्यांनी क्वार्टर उघडली. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं. "अर्धी प्यायलो. चढली, पण गोड लागली नाही. उरलेली मोरीत ओतली." घसरले ही वाईट गोष्ट, पण औषध जे करतं तेच त्यांनी नेमकं वर्णन करून सांगितलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठी चूक मी प्रश्नाची मानते. "अफू, गर्द घेता का" असं विचारलं की माणूस गर्दुल्ल्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणतो आणि प्रामाणिकपणे नाही म्हणतो. "दुखण्याची गोळी कोणती घेता, खोकल्याचं औषध कोणतं, जुलाबाला काय घेता, घरातली सगळी पाकिटं घेऊन या" असं विचारलं असतं तर पहिल्याच मिनिटात कळलं असतं. आता आमच्या ओपीडीत नालट्रेक्सोन लिहिण्याआधी पिशवी उघडून बघतात.

दुसरी चूक मधल्या सहा आठवड्यांची. यकृत सुधारेपर्यंत थांबणं बरोबर होतं, पण तोवर त्या माणसाला ओढीवरचं काहीच न देणं बरोबर नव्हतं. अॅकॅम्प्रोसेट त्याच काळात देता आलं असतं. सहा गोळ्यांचा आणि खर्चाचा विचार मी परस्पर केला, बापूंना विचारलंच नाही. खर्चाची सोय समाजसेवकांनी दोन दिवसांत केली असती. ती पोकळी बापूंनी स्वतः भरली, आणि भरली ती नेमकी त्याच रिसेप्टरवर बसणाऱ्या गोळीने. त्यांच्या मेंदूत काय आटलं होतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांच्या शरीराने ते गल्लीतल्या मेडिकलमध्ये शोधून काढलं.

एमआरआय थांबवण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. फक्त रिपोर्ट नॉर्मल आल्या दिवशी, "आता यानंतर काही आठवडे काहीच गोड वाटणार नाही, तेव्हा इथे या" हे वाक्य त्याच भेटीत, पत्नींसमोर सांगेन.

सध्या

नऊ महिने झाले. दिवाळीनंतर एकदा, आगारातल्या एका निरोपसमारंभात, घसरले. एरवी दारू नाही, ट्रॅमाडॉल नाही. टेस्टोस्टेरॉन वाढलं आहे, पण अजून पुरेसं नाही. कंबर अधूनमधून दुखते. शिमग्याला त्यांनी घरी पुरणपोळी खाल्ली, आणि चव लागली असं पत्नींना मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

मागच्या भेटीला ते धाकट्या भावाला घेऊन आले होते. भावाचे हात थरथरत होते. बसायच्या आधीच बापूंनी त्याच्या हातातली प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्या टेबलावर ओतली. "आधी या बघा मॅडम. याला विचारू नका, हा नाही म्हणेल."